राख न लागलेला टाक

भाग्यश्रीच्या हातात देव होता आणि देवावर नंबर होता.

आधी तिला वाटलं, चिंच कमी पडली. म्हणून तिनं राखेची आणखी एक चिमूट घेतली, अंगठ्यानं गोल गोल चोळली आणि बादलीत बुडवून चकती वर काढली. पन्नास वर्षांची हळद, कुंकू आणि तेलाचं मेण पाण्यावर तरंगायला लागलं. खाली पिवळंधमक पितळ होतं. वरच्या बाजूला एक भोक, मधोमध ठसठशीत ३७, आणि कडेनं गोल फिरलेली अक्षरं: सागरतीर सहकारी बँक, शाखा एडवण.

"आई," तिनं सासूला हाक मारली. "हे देवाचं काय आहे?"

जमना ओसरीवर बसून देव्हाऱ्याचा पाट पुसत होती. घट बसायला चार दिवस होते. दातिवऱ्याच्या या घरात घटाआधीच्या रविवारी देव उजळायचे, ही जुनी रीत. पाच टाक चांदीचे होते, चांदीच्या पत्र्यावर उमटवलेले कुळाचे देव. सहावा तिचे सासरे धर्माजी यांचा. धर्माजी दर्यावर गेले ते परत आले नाहीत. प्रेतही आलं नाही. म्हणून त्यांचा टाक करून देवांच्या शेजारी बसवला होता, आणि त्याला एक नियम होता. तो जमनाला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासूनं, ठकीनं सांगितला होता: माणसाला राख लागली नाही, टाकालाही राख लावायची नाही. नुसतं पाणी, मग हळदकुंकू.

आणि नवी सून त्यालाच राख लावून बसली होती.

"अगं काय केलंस तू," जमना म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सांगितलं नाय का तुला मी?"

"पाचांचं सांगितलंत. सहावा वेगळा आहे, असं नाय सांगितलंत."

ते खरं होतं. जमनावर दुसऱ्यांना सांगायची वेळच कधी आली नव्हती. अडतीस वर्षं ती एकटीच देव उजळत होती. तिनं पदर खोचला, खाली उतरून चकती हातात घेतली आणि उन्हात धरली. सदतीस. तिनं ती उलटी केली. मागे काहीच नव्हतं.

पाहता पाहता तिचं तोंड उतरलं. रामा, तिचा नवरा, बुधवारी बोट घेऊन गेला होता. उद्या किंवा परवा यायचा. तो बोटीवर चढला की ती याच चकतीपुढे वात लावायची आणि तो उतरेपर्यंत विझू द्यायची नाही. आत आत्ताही वात जळत होती. रिकाम्या देव्हाऱ्यासमोर.

*

पुतणी पूर्वी मागच्या दारानं आली ती हातात पाटवड्यांची ताटली घेऊन. ती जमनाच्या दिराची, दामूची मुलगी. बापलेक दोघं सकाळीच बोईसरहून आले होते, ते देवांसाठी आणि ठकीआजीला न्यायला. दुपारी चारला बोईसरात बँकेच्या जुन्या इमारतीत बँकिंगच्या इतिहासाचं संग्रहालय उघडणार होतं, आणि पूर्वी तिथल्या दप्तरखान्यात नोकरीला होती. दोन वर्षं ती जुनी पासबुकं, सहीची कार्डं, कुलपं आणि शिक्के यांच्या याद्या करत होती.

तिनं काकीच्या हातातली चकती पाहिली आणि ताटली तुळशीच्या कठड्यावर ठेवून दिली.

"काकी, हे टोकन आहे."

"काय हाय?"

"बँकेत पैसे काढायला गेलं की जुन्या काळी देत ना. कागद आत द्यायचा, टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं. नंबर पुकारला की टोकन परत द्यायचं." तिनं चकतीवरचा नंबर पुन्हा वाचला. "एडवण शाखेची साठ टोकनं आहेत आमच्याकडे. म्हणजे एकोणसाठच. सदतीस नाही. मी दोन वर्षं शोधतेय."

"शोधतीयस म्हणजे?" जमनानं मूठ मिटली. "हे सासऱ्यांचं हाय."

"काकी, त्याच्यावर शाखेचं नाव आहे."

"आणि माझ्या देव्हाऱ्यात हाय."

पूर्वीनं फोनकडे हात नेला. संग्रहालयाच्या साहेबांना फोन करावा, असं तिच्या मनात आलं होतं. संच पूर्ण झाला, असं सांगावं. पण ती याच अंगणात वाढली होती. दहावीच्या पेपरांना याच चकतीच्या पाया पडून गेली होती. गणिताच्या आधी दोनदा.

दामू ओसरीच्या खांबाला टेकून हे ऐकत होता. एडवण शाखेत त्यानं एकोणतीस वर्षं शिपाई म्हणून काढली. शाखा बंद झाल्यावर घरी बसला होता, तर लेकीच्या साहेबांनी त्याला संग्रहालयात बोलावलं: जुना खाकी गणवेश घालून काउंटरवर उभं राहायचं आणि लोकांना टोकन कसं पुकारायचे ते दाखवायचं. त्याला ते फार आवडलं होतं. पितृपक्षात उद्घाटन करतात, एवढीच त्याची तक्रार होती.

"पूर्वे," तो म्हणाला, "देव घरातनं हलवायचा नाय. दादा दर्यावर हाय."

"बाबा, तुम्हीच सांगा हे टोकन आहे की नाही. तुम्ही रोज वाटत होतात."

दामूनं चकती मागितली. जमनानं मूठ उघडली, पण चकती सोडली नाही. दामूनं तिच्या तळव्यावरच ती चाचपून पाहिली. त्याच्या बोटांनी ती केव्हाच ओळखली होती, त्याला ते नुसतं कबूल करायचं होतं.

"टोकन हाय, वयनी," तो म्हणाला. "आमचंच हाय."

"भावजी, आता तुमी तिच्याकडनं झालात."

"मी कुणाकडनं नाय. मी घोटाळ्यात हाय."

"बापाचा टाक पितळेचा कसा, ते कधी विचारलं नायत तुमी भावांनी."

"तू तरी कुठं विचारलंस?"

"मला वाटलं, तेव्हा चांदी परवडली नसंल. सासूला कसं विचारायचं असलं?"

भाग्यश्री अजून बादलीपाशीच बसून होती. ती हळूच म्हणाली, "आता विचारू या का?"

सगळ्यांनी आत पाहिलं. आत ठकीआजी खाटेवर बसून, मुंबईला जायचं असल्यासारखी, नव्या लुगड्याच्या निऱ्या पुन्हा पुन्हा बसवत होती.

*

बुवा कीर्तनात सांगतात, माणसाला देव सापडत नाही त्याचं दुःख नसतं, सापडलेला देव दुसराच निघाला तर काय, याचं भय असतं. जमना दर एकादशीला पुढच्या रांगेत बसून असलं पुष्कळ ऐकत आली होती आणि मान डोलवत आली होती. आता तेच स्वतःच्या तळव्यावर आलं, तेव्हा मान काही डोलेना.

ती सासूसमोर जाऊन बसली. सगळे मागोमाग आले.

"आय, हा कोणाय?"

ठकीनं चकतीकडे पाहिलं. चकाकणारी चकती पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला आणि काहीतरी वेगळंच आलं. ओळखीचं माणूस दाढी करून आल्यावर येतं तसं.

"राख कोणी लावली?"

"मी," भाग्यश्री म्हणाली. "चुकून."

"असू दे." ठकीनं हात पुढे केला, चकती घेतली आणि भोकावरून नख फिरवलं. "ह्याच्यात त्यानी सुतळी घातली होती. गळ्यात अडकवून आला बँकेतनं."

"टाक गळ्यात कसा अडकवणार, आय?" दामू म्हणाला.

"टाक कुठं हाय हा. टोकन हाय ते."

 बाहेर बोंबलाच्या मांडवावर कावळे बसत होते, त्यांना हाकलायलाही कुणी उठलं नाही.

"मग तुला माहीत होतं," जमना म्हणाली.

"मला नाय तर कोणाला असणार?"

मग ठकीनं सांगितलं, जसं आठवलं तसं, मागचं पुढे आणि पुढचं मागे. धर्माजी त्या दिवशी एडवणच्या बँकेत गेला, कागद दिला, टोकन घेऊन बाकावर बसला. गर्दी होती. इकडे भरतीची वेळ झाली, बोट थांबेना. तो नंबर यायच्या आधीच उठला, किनाऱ्यावर आला, गळ्यातलं टोकन काढून तिच्या हातात दिलं. म्हणाला, उद्या जातो, तवर ठेव. एवढंच. तो उद्या अजून यायचा होता.

"सहा महिन्यांनी बँकेचा माणूस आला. टोकन परत द्या म्हणाला. त्यांचं मोजून ठेवायचं असतं. देते म्हटलं. तवर सोनाराकडनं टाकही आला होता. दोन्ही घेऊन बसले बँकेत जायच्या आदल्या दिवशी." तिनं दोन्ही तळवे उघडले, जणू एकात एक आणि दुसऱ्यात दुसरं असावं. "सोनाराचा टाक नवा. त्याला त्याचा हात कधी लागला नव्हता. ह्याला लागला होता. घामाचा वास होता सुतळीला. मग सांग, कुठला ठेवायचा?"

पूर्वी आजीच्या जवळ सरकली. "आजी, मग बँकेत काय दिलंस?"

"टाक दिला. लाल फडक्यात बांधून."

"आणि त्यांनी घेतला?"

"क्लार्कानी फडकं सोडलं. बघितलं. माझ्याकडं बघितलं. परत बांधलं आणि वहीत लिहिलं काय ते. मला म्हणाला, बाई, झालं."

पूर्वीनं फोन काढला. तिची बोटं दोनदा चुकीच्या चित्रावर गेली. मग तिनं फोन आजीपुढे धरला. पडद्यावर काळी पडलेली एक चकती होती, वर छोटी कडी, मध्ये हात जोडलेली माणसाची आकृती. खाली पूर्वीनंच लिहिलेली चिठ्ठी: 'अनोळखी चकती. चांदी. टोकनांच्या पेटीत सापडली. मालक माहीत नाही.'

"हाच," ठकी म्हणाली. "काळा पडला बिचारा."

दामूनं फोन हातात घेतला.

त्याला ती चकती चांगली माहीत होती. तो नोकरीला लागला तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं होतं, सदतीसच्या खिळ्यावर कुणाचा तरी देव राहिलाय, मालक येईपर्यंत असू दे. तेव्हापासून टोकनांची पद्धत बंद होईपर्यंत तो रोज सकाळी पेटीतून साठ नग काढून फळीवरच्या खिळ्यांना अडकवत असे. सदतीसवर हा. काळ्या देवाला नमस्कार करायचा आणि दिवस सुरू करायचा. छत्तीसनंतर अडतीस पुकारायचं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, तो नंबर बसलाय.

"पंधरा वरसं," तो म्हणाला. "बापाला रोज खिळ्याला अडकवला मी. आणि संध्याकाळी पेटीत टाकला."

"नमस्कार करत होतास ना?" ठकीनं विचारलं.

"करत होतो. पण कुणाचा देव, ते ठाऊक नव्हतं."

"मग चाललं."

"तुझं चाललं, आय," जमना एकाएकी म्हणाली. "माझं काय? अडतीस वरसं वात लावली. लेकाला ताप आला तेव्हा हेच त्याच्या उशाखाली ठेवलं. आत्ता तुझा लेक दर्यावर हाय आणि मी बँकेच्या बिल्ल्याला सांगतीय, त्याला सांभाळ म्हणून. आणि खरा बाप तिकडं बोईसरात, बँकेच्या पेटीत. मग सांभाळलं कोणी इतकी वरसं?"

 दामूला वाटलं, याचं उत्तर आपल्याकडे आहे.

"वयनी, बुवांचं ते आख्यान नाय का. एक बाई असते, तिचा नवरा वाणी. तो मरताना तिला तराजूचं शेराचं वजन देतो, ती त्यालाच देव म्हणून पुजते. मग एक साधू येतो नि म्हणतो, माय, हे तर वजन हाय."

"मग?"

"मग ती म्हणते..." दामू अडखळला. "आख्यान निम्म्यावर आलं की मला झोप लागते, वयनी. शेवट मी कधी ऐकला नाय."

भाग्यश्रीला हसू आलं, ते तिनं पदराआड दाबलं. जमनालाही आलं असतं, पण तिचं लक्ष देव्हाऱ्याकडे होतं. वातीचं तेल संपत आलं होतं.

तिनं उठून तेल घातलं. मग पाठमोरीच म्हणाली, "मला त्याला बघायचंय. मी येणार बोईसरला. आणि हे माझ्या हातात राहील, पूर्वे. कोणाच्या हातात देणार नाय."

"टाक मात्र घरी आणता येणार नाही, काकी," पूर्वी हळूच म्हणाली. "वहीत चढलाय तो. समितीची सही लागेल. महिने जातील."

"मी काय मागितलं का अजून?"

भाग्यश्री घरी थांबली. वात विझू द्यायची नाही, एवढंच काम तिला दिलं होतं. ती देव्हाऱ्यासमोर अशी बसली, की जणू तिनं डोळा मिटला तर बोट बुडणार होती.

*

इको गाडीत ठकी पुढे बसली. जमनाच्या मुठीत रुमालात बांधलेली चकती होती आणि ती मूठ सफाळ्यापासून बोईसरपर्यंत मांडीवरून हलली नाही. स्टेशनाजवळ तारापूरच्या कारखान्यांच्या बसगाड्या पाळी सुटलेल्या कामगारांना सोडत होत्या, त्यांच्यामधून वाट काढत ते संग्रहालयाशी पोचले तेव्हा फीत कापून झाली होती.

आत जमनाला काही कळेना. कुठे भिंतीएवढी तिजोरी, कुठे मोठाल्या वह्या, कुठे अंगठे उठवलेली कार्डं काचेखाली ओळीनं. माणसं गेली आणि त्यांचे अंगठे राहिले. लोक चपला काढून आले नव्हते, मोठ्यानं बोलत होते, तरी तिला देवळात आल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटणं बरोबर की चूक, ते समजत नव्हतं.

टोकाला एका कोपऱ्यात एडवणचा जुना काउंटर जसाच्या तसा मांडला होता. पितळी जाळी, मागे फळीवर साठ खिळे. समोर लांब लाकडी बाक. आल्या आल्या खाकी गणवेश चढवून दामू जाळीमागे उभा राहिला होता. पाहुण्यांना एकेक टोकन दिलं होतं, नंबर पुकारला की त्यांनी यायचं, टोकन द्यायचं आणि आठवण म्हणून छापील पावती न्यायची. मुलं खिदळत होती.

"हाच बाक," ठकी म्हणाली आणि त्यावर बसली. जमना शेजारी बसली.

फळीवर छत्तीस आणि अडतीस यांच्या मधल्या खिळ्याला काळा टाक लटकत होता. जमनानं पाहिलं. सासऱ्यांचे हात जोडलेले होते. ओळख वाटावी म्हणून तिनं बराच वेळ पाहिलं. वाटेना. कुणीतरी थोर परका माणूस समोर उभा असावा, तसं झालं.

"पस्तीस," दामूनं पुकारलं. एक बाई गेली, पावती घेऊन आली.

"छत्तीस."

एक मुलगा धावत गेला. दामूनं त्याचं टोकन घेतलं, पावती दिली आणि सवयीनं त्याचं तोंड अडतीस म्हणायला उघडलं. ते तसंच राहिलं. जाळीतून त्याला बाकावर बसलेली आई दिसत होती. पिशवी मांडीवर, निऱ्या सारख्या केलेल्या, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकवून बसलेली. नंबराची वाट पाहणारी माणसं बसतात तशी.

पूर्वी बाजूला वही घेऊन उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं.

"सदतीस," दामू म्हणाला.

लोकांनी इकडे तिकडे पाहिलं. ठकी उठली. "हाय," ती म्हणाली, आणि सुनेचा हात धरून काउंटरपाशी गेली. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणी तरी कौतुकानं फोटो काढला.

जमनानं रुमाल सोडून चकती काउंटरवर ठेवली. दामूनं मागे वळून खिळ्यावरचा टाक काढला आणि तिच्या शेजारी ठेवला. घासून लखलखीत झालेलं पितळ आणि काळी पडलेली चांदी. पन्नास वर्षांनी दोन्ही एका लाकडावर.

ठकी दोन्हींकडे पाहत राहिली. मग ती जरा मागे सरली.

"वात तू लावतेस, जमना," ती म्हणाली. "तुला कुठला हवा तो घे."

"आजी," पूर्वी पुढे झाली. "टाक मला..."

"थांब जरा," दामू म्हणाला.

जमनानं आधी टाकावर बोट ठेवलं. जोडलेल्या हातांवरून ते फिरवलं आणि बोट कपाळाला लावलं. मग तिनं टोकन उचललं आणि पुन्हा रुमालात बांधलं.

"हा मोठा असंल," ती म्हणाली. "पण ह्याला माझी बोली कळते का, मला ठाऊक नाय. रामा दर्यावर हाय. आज ओळखीचाच बरा."

आता सगळे पूर्वीकडे पाहायला लागले. टोकन बँकेचं होतं. दारात साहेब उभे होते. पूर्वीनं हातातली वही उघडली. ही एडवण शाखेची जुनी टोकन-वही. त्या वर्षाचं पान तिला पाठ होतं, तरी तिनं ते काढलं. निळ्या शाईत, त्या क्लार्कच्या सुबक अक्षरात एक ओळ होती: टोकन क्र. ३७, परत मिळाले.

"आमच्या दप्तरात सदतीस परत आलेलं आहे," ती म्हणाली.  "परत आलेली वस्तू दुसऱ्यांदा मागता येत नाही, काकी. घेऊन जा."

तिनं पेन्सिल काढली आणि काउंटरवरच्या चिठ्ठीतला 'अनोळखी' हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना. जागा तिनं तशीच ठेवली.

दामूनं टाक उचलला, डोळ्यांना लावला आणि कडी खिळ्याला अडकवली. या वेळी सावकाश. आय आणि वयनी बाकावर जाऊन बसल्या की नाही, ते पाहिलं. मग घसा साफ करून तो जाळीकडे वळला.

"अडतीस," त्यानं पुकारलं.